घळईतले फोटो आणि पाठीवरची पेटी



आमच्या वस्तीतल्या एक ताई दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळीच आमच्या घरी आल्या. ताई शिवणकाम करतात, नवरा हयात नाही, मुलगा बारावी झालेला. हा मुलगा दीड वर्षापासून लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडे मदतनीस म्हणून जातो. मदतनीस म्हणजे काय, तर लाइटचे स्टँड उचलायचे, वायरी गुंडाळायच्या, बॅगा वाहायच्या आणि रात्री एक वाजता रिकाम्या मांडवात राहिलेले सामान मोजायचे. लग्न असेल त्या दिवशी जेवण आणि हातावर थोडे पैसे. बाकीच्या दिवशी काहीच नाही. कारण मालकाचे म्हणणे असे, की तू अजून शिकतो आहेस, शिकणाऱ्याला पगार कसला?

ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच याला सांगा. दुसऱ्याच्या पेट्या वाहून कुणाचं भलं झालंय? काहीतरी नोकरीचं बघा त्याच्या."

आम्ही पडलो कारकून. आमच्याकडे उत्तर तयारच असते. फॉर्म भर, टायपिंग कर, परीक्षा दे. तेच आम्ही त्यालाही सांगितले. पोराने मान डोलावली, पण त्याचे लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होते. त्या महिन्याच्या पानावर अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन नावाच्या घळईचे मोठे छायाचित्र होते. लाल-पिवळे कडे, थरावर थर, आणि खाली दोऱ्यासारखी नदी.

"काका," तो म्हणाला, "इथं पहिल्यांदा कॅमेरा नेला असेल, तेव्हा सामान कुणी उचललं असेल हो?"

कॅलेंडर पाहून आजवर आम्हाला असा प्रश्न कधी पडला नव्हता. आम्ही आपले तारखांवर गोल करायचे, गॅसचा नंबर लावल्याची खूण करायची. पण प्रश्न डोक्यात राहिला. वाचनालयात जाऊन जमेल तेवढे वाचले, मुलीकडून मोबाईलवर त्या काळचे फोटो शोधून घेतले. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ती जागा कशी आहे ते सांगितले पाहिजे. आपल्या शाळेच्या भूगोलात घळई म्हणजे नदीने खोल कापलेली अरुंद दरी, एवढे एक वाक्य असते. ही घळई कोलोरॅडो नदीने कापली. लांबी 277 मैल, खोली बऱ्याच ठिकाणी एक मैलाच्या आसपास आणि वरच्या कड्यापासून समोरच्या कड्यापर्यंतचे अंतर काही ठिकाणी 18 मैलांपर्यंत. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळीस अंशांच्या वर जातो. नदी एकसारखी वाहत नाही. बाजूच्या ओढ्यांनी लोटून आणलेले धोंडे पात्रात पडले आहेत, तिथे पाणी उसळते, फुटते, भोवरे करते. अशा जागा एक-दोन नव्हेत, दीडशेच्या वर आहेत. दोन्ही बाजूंना कडे. मध्ये होडी फुटली तर वर चढून जायला वाट सापडेलच याची खात्री नाही.

जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एक माणूस 1869 साली चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन या नदीतून उतरला. हा पॉवेल एका हाताचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात 1862 साली शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि तो हात कापावा लागला. त्या पहिल्या खेपेस सोबत फोटोग्राफर नव्हता. शेवटी शेवटी खायला उरले नाही, समोरचे पाणी पाहून तिघांचा धीर सुटला आणि ते कडा चढून निघून गेले. ते तिघे मारले गेले. नदीतून शेवटपर्यंत सहा जण पोचले.

पॉवेल परत गेला 1871 साली. या वेळी त्याने ठरवून फोटोग्राफर घेतला, न्यूयॉर्कचा ई. ओ. बीमन. मदतनीस म्हणून पॉवेलचा एक चुलतभाऊ क्लेम. आणि वल्ही मारायला माणूस कमी पडत होता म्हणून सॉल्ट लेक सिटीत एक गाडीवान भाड्याने घेतला, त्याचे नाव जॅक हिलर्स. 1843 साली जर्मनीत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला, युद्धात शिपाई म्हणून लढलेला आणि नंतर जनावरांच्या गाड्या हाकून पोट भरणारा. कॅमेऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याला घेतले ते दंडातली ताकद पाहून.

आता त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते ते ऐका. आमच्या पिढीने 36 फोटोंचा रोल पाहिला आहे. रोल संपला की स्टुडिओत धुवायला टाकायचा. आता मोबाईलवर तेही नाही. 1871 साली रोल नव्हता, तयार प्लेटही मिळत नव्हती. फोटोग्राफरने जागेवर जाऊन काच घ्यायची, ती स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे. यात ईथर असते, त्याच्या वासाने डोके गरगरते आणि ते पेटतेही झटकन. काच तिरपी करून द्रावण सगळीकडे सारखे पसरवायचे. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली आहे तोवरच परत अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की मेहनत फुकट. या सगळ्याला वेळ मिळायचा तो मिनिटांत मोजण्याइतका. त्यात ते वाळवंटातले ऊन.

म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारी खोलीही न्यावी लागे. कॅमेऱ्याची पेटी एक, काचांची आणि बाटल्यांची दुसरी, आणि अंधाऱ्या खोलीचे काम करणारी घडीची पेटी तिसरी. त्या सफरीत सतरा वर्षांचा एक चित्रकार मुलगा होता, फ्रेडरिक डेलनबॉ. त्याने पुढे म्हातारपणाकडे झुकल्यावर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की कॅमेऱ्याची पेटी जड, बाटल्यांची त्याहून जड, आणि अंधारी पेटी तर अशी की तिच्यापुढे बाकीच्या दोन हलक्या वाटाव्यात. या तीन पेट्या पाठीवर घेऊन दगडधोंड्यांतून शेकडो फूट वर चढायचे, कारण खालून फक्त भिंत दिसते, घळई दिसते ती वरून. वर चढल्यावर एखादी काच फुटली, द्रावणात वाळूचा कण पडला, ढग आला, तर पेट्या तशाच पाठीवर घेऊन खाली.

आणि पाणी! काच धुवायला स्वच्छ पाणी लागते. कोलोरॅडो हे नावच मुळी तांबूस रंगावरून पडले. त्या काळी धरणे नव्हती, नदी चिखलाने भरलेली वाहायची. पायाखाली एवढी मोठी नदी, आणि काच धुवायला तिचे पाणी जसेच्या तसे वापरायची सोय नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या आयाबहिणींना यातला त्रास वेगळा समजावून सांगायला नको.

त्या वेळचे फोटो नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्यात उसळते पाणी पिंजलेल्या कापसासारखे दिसते. कारण काचेवर प्रकाश पडायला काही सेकंद लागायचे, तेवढ्यात पाणी पुढे गेलेले असायचे. आणि होडी भोवऱ्यात सापडली आहे, माणसे जिवाच्या आकांताने वल्ही मारत आहेत, असा एकही फोटो त्या सफरीत निघू शकला नाही. निघणार कसा? त्या वेळी कॅमेरा पेटीत बंद आणि फोटोग्राफर जीव मुठीत धरून होडीत. धोका फोटोत आलाच नाही. फोटोत आले शांत कडे, काठाला बांधलेल्या होड्या आणि दगडावर बसलेली माणसे. कॅलेंडर पाहून आपण म्हणतो काय सुंदर जागा, त्याचे कारण हेच.

असो. आता हिलर्सकडे येऊ.

बीमनचे आणि पॉवेलचे पटेना. 1872 च्या सुरुवातीला बीमन सफर सोडून गेला. मग चुलतभाऊ क्लेमच्या हाती कॅमेरा दिला. वर्षभर मदतनीस होता तोच, पण त्याला काही केल्या काच साधेना, फोटो धुरकट यायचे. मग सॉल्ट लेक सिटीहून जेम्स फेनेमोर नावाचा जाणकार बोलावला. तो चांगला होता, पण त्याची तब्येत बिघडली आणि त्यालाही सोडून जावे लागले. एवढ्या काळात तो वल्ही मारणारा हिलर्स काय करत होता? आपले काम संपले की फोटोग्राफरच्या पेट्या उचलत होता. उचलता उचलता पाहत होता, विचारत होता. बीमनला हातभार लावला, फेनेमोरकडून काच ओतायला शिकला. फेनेमोर मनाचा मोठा असला पाहिजे, त्याने हातचे राखून ठेवले नाही. 1872 च्या ऑगस्टमध्ये, सगळ्यांत खोल आणि वाईट भागात शिरायची वेळ आली तेव्हा सात माणसे आणि दोन होड्या उरल्या होत्या आणि फोटोग्राफर होता जॅक हिलर्स.

त्यातल्या पुढच्या होडीचे नाव एमा डीन. तिच्या मधल्या फळीवर एक लाकडी खुर्ची बांधलेली असे, तीत एका हाताचा पॉवेल बसून पुढचे पाणी न्याहाळायचा. त्या वर्षी नदीला पाणी फार होते. 3 सप्टेंबरला एमा डीन उलटली. पॉवेल आणि हिलर्स दोघेही भोवऱ्यात ओढले गेले आणि मग पाण्याने त्यांना वर फेकले. अंगात रबरी जॅकेटे होती म्हणून निभावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, कनाब ओढ्यापाशी, पॉवेलने नदीचा प्रवास तिथेच थांबवला. घळईचा खालचा भाग राहिला. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. सहा जण आपल्या जिवावर अवलंबून असताना थांबायचे कुठे हे कळणे सोपे नाही.

हिलर्स मात्र थांबला नाही. पुढे पॉवेल सरकारच्या भूगर्भ खात्याचा प्रमुख झाला आणि हिलर्स त्या खात्याचा मुख्य छायाचित्रकार. 1900 सालापर्यंत त्याने ते काम केले, 1925 साली वारला. युटामध्ये एका डोंगराला त्याचे नाव आहे. आमच्यातल्या बी. कॉम. ला मात्र सर्वांत आवडली ती हिशेबाची गोष्ट. त्या काळी दुहेरी फोटो निघत, ते दोन भिंगांच्या चौकटीतून पाहिले की दरी खोल दिसायची. शहरातली मंडळी ते विकत घेत. त्या विक्रीच्या नफ्यातले 40 टक्के पॉवेलचे, 30 टक्के त्याचा मेहुणा थॉम्पसन याचे आणि 30 टक्के हिलर्सचे, अशी वाटणी ठरली होती. हिलर्सला आणखी मिळायला हवे होते असे आमचे मत आहे, पेट्या कुणी उचलल्या? पण गाडीवान म्हणून आलेल्या माणसाचा वाटा कागदावर आला, हेही थोडे नाही.

हे सगळे वाचून आम्ही खूश झालो होतो. ताईंना जाऊन सांगणार होतो, बघा, पेट्या वाहूनही माणूस वर येतो. तेवढ्यात निम्सची हकिगत वाचनात आली आणि आमचा उत्साह मावळला.

1889 साली काही पैसेवाल्यांच्या डोक्यात आले की या घळईच्या तळातून, नदीच्या काठाकाठाने रेल्वे न्यावी. कंपनी निघाली, फ्रँक ब्राऊन तिचा अध्यक्ष, रॉबर्ट स्टँटन इंजिनिअर. कडे कसे आहेत, बोगदे कुठे पाडायचे, हे दाखवायला फोटो हवेत म्हणून फ्रँकलिन निम्स नावाचा फोटोग्राफर घेतला. ब्राऊनने लाइफ जॅकेटे घेतली नाहीत. पॉवेलची जॅकेटे सतरा वर्षांपूर्वी कामाला आली होती, तरी घेतली नाहीत. 10 जुलै 1889 रोजी होडी उलटून ब्राऊन स्वतः बुडाला. 15 जुलैला आणखी दोन माणसे, हॅन्सब्रो आणि रिचर्ड्स, बुडाली. तेव्हा स्टँटन परत फिरला, जॅकेटे आणि दणकट होड्या घेऊन डिसेंबरात पुन्हा उतरला. निम्स दुसऱ्या खेपेसही बरोबर होताच.

1 जानेवारी 1890. नव्या वर्षाचा पहिला दिवस. फोटो घेण्यासाठी निम्स कड्यावर चढला आणि पाय निसटून सुमारे 22 फुटांवरून खाली दगडांत पडला. पाय मोडला, डोक्याला जबर मार, शुद्ध हरपली. साथीदारांनी होडीच्या वल्ह्यांची आणि कापडाची डोली केली आणि त्याला सतराशे फूट उंच कड्यावरून वर नेले. कुठे खांद्यावर, कुठे दोर लावून टांगत. त्या माणसांना आमचा सलाम. आपण आपल्या वस्तीच्या चढावरून आजारी माणसाला खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेतो तेव्हा चार जणांना घाम फुटतो. हा तर उभा कडा होता आणि हिवाळा होता.

निम्स वाचला. पण कंपनीने त्याचा पगार बंद केला. कधीपासून, तर तो पडला त्या तारखेपासून. 1 जानेवारी.

हे वाक्य आम्ही वाचनालयात दोनदा वाचले. आमच्या ऑफिसात हजेरीपट आमच्याकडे असतो, त्यामुळे तारखांचे महत्त्व आम्हाला कळते. जो माणूस कंपनीच्या कामासाठी, कंपनीच्या कड्यावर चढून पडला, त्याच्या नावापुढची हजेरी त्याच दिवशी थांबली. डोली वाहणारे गरीब साथीदार होते. हिशेब करणारे दूर शहरात, टेबलाशी होते. आम्हीही टेबलाशीच बसतो, म्हणून जास्त लागले.

निम्सनंतर कॅमेरा इंजिनिअर स्टँटनने स्वतः हाती घेतला. त्याला फोटोचे काही येत नव्हते. तो शिकला, आणि 26 एप्रिल 1890 रोजी समुद्रापर्यंत पोचला तेव्हा शेकड्यांनी निगेटिव्ह जमल्या होत्या. रेल्वे काही झाली नाही. पण त्या निगेटिव्हचा एक वेगळाच उपयोग झाला. शंभर वर्षांनी, 1989 पासून, रॉबर्ट वेब नावाचे शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांना घेऊन त्याच दगडांवर उभे राहिले, जिथे निम्स आणि स्टँटन उभे होते. तेच फोटो पुन्हा काढले, सव्वाचारशेहून जास्त. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळले की वाळूचे कोणते काठ गेले, कोणती झाडी वाढली. काही झुडपे तर शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत होती तीच, अजून जिवंत. म्हणजे फायद्यासाठी काढलेले फोटो नफा न देता ज्ञान देऊन गेले. पगार मात्र जिथे थांबला तिथेच थांबला.

फोटो किती नाजूक वस्तू असते तेही सांगतो. 1871 सालीच टिमोथी ओ'सलिव्हन नावाचा नामांकित फोटोग्राफर लेफ्टनंट व्हीलरच्या तुकडीबरोबर याच नदीत खालून वर, प्रवाहाच्या उलट गेला होता. होड्या ओढायला दोर लावावे लागत, आणि ओढणाऱ्यांत तिथले मोजावे आदिवासी होते. एवढे करून काढलेल्या काचांपैकी बहुतेक वॉशिंग्टनला नेताना वाटेत नष्ट झाल्या. ओ'सलिव्हन 1882 साली क्षयाने गेला, चाळिशी नुकती ओलांडली होती. आणि ज्या काचा राहिल्या त्यांचे मोल जागा नाहीशी झाल्यावर कळते. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन नावाची फार देखणी घळई होती, बीमन, फेनेमोर आणि हिलर्सने तिचेही फोटो काढले होते. 1963 साली तिथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती घळई पाण्याखाली गेली. जलाशयाला नाव दिले पॉवेलचे. धरणात गाव गेलेल्या माणसाला विचारा, जुन्या घराचा एक फोटो असता तर काय वाटले असते.

शेवटची गोष्ट कोल्ब बंधूंची. एल्सवर्थ आणि एमरी, पिट्सबर्गची पोरे. थोरला 1901 साली ग्रँड कॅन्यनला आला तो हॉटेलात सामान उचलायच्या कामावर. इथेही पेटी आहेच, पाहिलेत ना? धाकटा पुढच्या वर्षी आला. त्यांनी एक लहान स्टुडिओ विकत घेतला आणि घळईच्या अगदी काठावर थाटला. सकाळी खेचरांवर बसून घळई उतरणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी ते वर येईपर्यंत छापून हातात द्यायचे. धंदा चांगला, पण काठावर फोटो धुण्यासाठी पाणी नाही. मग एमरी काय करायचा? काचा घेऊन पायवाटेने साडेचार मैल खाली, तीन हजार फूट उतरून, इंडियन गार्डन नावाच्या झऱ्यापाशी पळत जायचा. तिथे फोटो धुवायचा, छापायचा आणि खेचरे पोचायच्या आत पुन्हा पळत वर. तीन हजार फूट म्हणजे कळसूबाई पायथ्यापासून चढण्याइतके. हे रोज, आणि गर्दी असेल तेव्हा दिवसातून दोनदासुद्धा.

याच भावांनी सप्टेंबर 1911 मध्ये वरच्या ग्रीन रिव्हरपासून होड्या सोडल्या आणि जानेवारी 1912 पर्यंत नदी उतरून दाखवली. बरोबर चलच्चित्राचा कॅमेरा होता. उसळत्या पाण्यातली होडी पडद्यावर लोकांनी पाहिली ती तेव्हा. हिलर्सच्या काचेवर जो धोका उमटला नव्हता तो आता उमटला. तो चित्रपट एमरी 1915 पासून आपल्या स्टुडिओत रोज दाखवत असे, आणि 1976 साली 95 व्या वर्षी वारेपर्यंत तो चालू होता. त्यांचा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. एक भाऊ दोन कड्यांच्या मध्ये तंगड्या फाकून उभा आणि दुसरा त्याच्याकडच्या दोराला कॅमेऱ्यासकट लोंबकळतो आहे. सगळे त्या दोघांची छाती पाहतात. आमच्या वस्तीतल्या पोराने तो फोटो पाहून लगेच विचारले, "हा फोटो कुणी काढला मग? तिसरा कुणीतरी असणार की समोर." असणारच.

आणि ज्या झऱ्यावर एमरी धावायचा, तो झरा कुणाचा? तिथे हवासुपाई आदिवासी शेकडो वर्षे मका, भोपळा, घेवडा पिकवत होते. ज्या जागेला आपण दुर्गम, भयंकर, माणसाने पाय न ठेवलेली म्हणतो, तिथे त्यांची शेते होती, पायवाटाही त्यांच्याच. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर त्यांना हुसकावले. शेवटचा रहिवासी, कॅप्टन बरो म्हणून ओळखला जाणारा, त्याला 1928 साली जावे लागले. बागेला नाव राहिले ते 'इंडियन गार्डन'. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या जागेचे नाव सरकारी कागदावर 'हवासुपाई गार्डन्स' झाले. जमीन परत मिळाली नाही, नाव मिळाले. जुन्या निसर्गचित्रांत ही माणसे बहुधा चौकटीबाहेर असतात. आणि जिथे चौकटीत आली, तिथेही फोटो काढणाऱ्याच्या मनाप्रमाणे. हिलर्सने पायूट लोकांचे फोटो काढले तेव्हा काहींना पॉवेलने आणवलेले कपडे घालायला लावले होते. आमचा हिलर्सही यातून सुटत नाही, हे लिहिले नाही तर आमचा लेख खोटा ठरेल.

गेल्या रविवारी आम्ही ताईंकडे गेलो. मायलेकांना हे सगळे सांगितले, हिलर्सचेही आणि निम्सचेही. ताईंनी मशीन थांबवून ऐकले. निम्सचा पगार थांबल्याचे सांगितले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "बघा! आमच्या याच्या हाताला मांडवात लागलं होतं ना, तेव्हा त्या दिवसाचे पैसे कापले होते." हे आम्हाला ठाऊक नव्हते. पोराने आईकडे रागाने पाहिले, बहुतेक तिने हे आमच्यापुढे बोलू नये असे त्याला वाटत असावे.

आम्ही त्याला विचारले, "मालक तुला कॅमेरा हातात देतो का?"

"कधी कधी देतात. जेवणाच्या पंगतीचे फोटो मीच काढतो आता."

"आणि त्याचे पैसे?"

तो गप्प. ठरले असे, की येत्या मंगळवारी, लग्नाची तारीख नसते म्हणून, आम्ही त्याच्याबरोबर मालकाकडे जायचे. भांडायला नाही. दिवसाचे किती, पंगतीच्या फोटोंचे किती, लागले-पडले तर काय, एवढे एका कागदावर लिहून घ्यायला. मालक माणूस वाईट नाही, त्यालाही कुणी कधी लिहून दिले नसेल. परीक्षेचा फॉर्मही पोराने भरला आहे, ताईंच्या समाधानासाठी.

निघताना आम्ही त्याला हिलर्सचा एक जुना फोटो दाखवला. डोंगरात कुठेतरी मुक्काम आहे, भोवती सामान आहे आणि हिलर्स काचा पाहत बसला आहे. पोराने मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. हिलर्सचा चेहरा त्याने पाहिलाच नाही. शेजारच्या पेटीपाशी बोट थांबवून तो बराच वेळ पाहत राहिला.

"काका, हिला पट्टा कुठं लावला असेल हो? एका खांद्यावर घेतली तर चढताना तोल जाणार."